विशेष शिक्षक प्रशिक्षण (भारत)

विशेष शिक्षक प्रशिक्षण म्हणजे दिव्यांग विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी लागणारे ज्ञान, कौशल्ये आणि दृष्टी शिक्षकांना देणारे व्यावसायिक शिक्षण होय. भारतात या प्रशिक्षणाचे दोन प्रवाह आहेत. पहिला प्रवाह विशेष शिक्षकांचा असून त्याचे नियमन भारतीय पुनर्वास परिषद करते. दुसरा प्रवाह सर्वसाधारण शाळांतील शिक्षकांचा असून त्यांच्या प्रशिक्षणाचे नियमन राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषद करते. दिव्यांग मुले पूर्वी प्रामुख्याने विशेष शाळांत शिकत असत. आता त्यांनी घराजवळच्या सर्वसाधारण शाळेत शिकावे असे कायदा व शैक्षणिक धोरण सांगते. त्यामुळे या दोन प्रवाहांचा मेळ कसा घालावा, हा या क्षेत्रातील मध्यवर्ती प्रश्न ठरला आहे.

संज्ञा

या क्षेत्रातील मराठी शब्द काळानुसार बदलत गेले. जुन्या शासकीय कागदपत्रांत व संस्थांच्या नावांत ‘अपंग’, ‘अंध’, ‘मूकबधिर’, ‘मतिमंद’ हे शब्द आढळतात. पुढे ‘विशेष गरजा असणारी बालके’ हा शब्दप्रयोग शालेय शिक्षणात रूढ झाला. अलीकडे शासकीय व्यवहारात ‘दिव्यांग’ हा शब्द वापरला जातो. ‘मतिमंदत्व’ या शब्दाची जागा ‘बौद्धिक अक्षमता’ या संज्ञेने घेतली आहे.

दिव्यांग मुलांच्या शिक्षणाच्या तीन पद्धती मानल्या जातात. ‘विशेष शिक्षणा’त एका प्रकारच्या दिव्यांगत्वाच्या मुलांसाठी स्वतंत्र शाळा असते. ‘एकात्म शिक्षणा’त मूल सर्वसाधारण शाळेत येते, परंतु शाळेच्या रीतीशी जुळवून घेण्याचा भार बव्हंशी मुलावर असतो. ‘समावेशित शिक्षणा’त शाळेनेच आपला वर्ग, अध्यापन आणि मूल्यमापन मुलाला अनुकूल करून घेणे अपेक्षित असते. पहिल्या पद्धतीत काही मोजके शिक्षक प्रशिक्षित असले तरी काम चालते. तिसऱ्या पद्धतीत मात्र शाळेतील प्रत्येक शिक्षकाला या विषयाची जाण असावी लागते.

इतिहास

भारतातील विशेष शाळांचा आरंभ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस झाला. कर्णबधिर मुलांची शाळा मुंबईत 1885 च्या सुमारास सुरू झाली. दृष्टिहीनांची पहिली शाळा 1887 मध्ये ॲनी शार्प यांनी अमृतसर येथे स्थापन केली. मुंबईत 1900 साली अमेरिकन मिशनने आणि 1902 साली व्हिक्टोरिया मेमोरियल शाळेने दृष्टिहीनांच्या शिक्षणाचे काम हाती घेतले. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी मुंबईत 1944 मध्ये जय वकील शाळा आणि पुण्यात 1964 मध्ये कामायनी ही संस्था सुरू झाली. या आरंभीच्या काळात शिक्षक प्रामुख्याने अनुभवी सहकाऱ्यांच्या हाताखाली काम करून तयार होत.

स्वातंत्र्योत्तर काळात प्रशिक्षणाला हळूहळू संस्थात्मक रूप आले. भारतीय भाषांसाठी समान अशी भारती ब्रेल लिपी 1951 मध्ये निश्चित झाली, आणि वेगवेगळ्या भाषांतील शिक्षकांना एकाच पायावर ब्रेल शिकवणे शक्य झाले. 1952 मध्ये मुंबईत नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड ही संस्था स्थापन झाली. मेंदूचा पक्षाघात असलेल्या मुलांसाठी मिठू अलूर यांनी 1972 मध्ये मुंबईत स्पास्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया (आताची ‘अडॅप्ट’) स्थापन केली. 1977 मध्ये मुंबईतच हेलन केलर इन्स्टिट्यूट सुरू झाली. श्रवण आणि दृष्टी या दोन्हींचा अभाव असलेल्या मुलांचे शिक्षण आणि त्यांच्या शिक्षकांचे प्रशिक्षण या कामासाठी ती ओळखली जाते.

केंद्र शासनाने दिव्यांगत्वाच्या प्रकारांनुसार राष्ट्रीय संस्था उभारल्या. दृष्टिदोषासाठी डेहराडून, श्रवणदोषासाठी मुंबईतील वांद्रे (1983), बौद्धिक अक्षमतेसाठी सिकंदराबाद (1984) आणि बहुविकलांगतेसाठी चेन्नईजवळील मुट्टुकाडू (2005) येथे या संस्था आहेत. वांद्रे येथील संस्थेला अली यावर जंग यांचे नाव देण्यात आले आहे. भारतीय सांकेतिक भाषेच्या संशोधनासाठी व प्रशिक्षणासाठी 2015 मध्ये नवी दिल्ली येथे स्वतंत्र केंद्र स्थापन झाले.

सर्वसाधारण शाळांच्या बाजूनेही प्रयत्न झाले. कोठारी आयोगाने (1964-66) दिव्यांग मुलांचे शिक्षण हा सर्वसाधारण शिक्षणव्यवस्थेचाच अविभाज्य भाग मानावा असे सुचवले. 1974 मध्ये केंद्र शासनाची अपंग एकात्म शिक्षण योजना सुरू झाली. 1986 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने प्राथमिक शिक्षकांच्या प्रशिक्षणात दिव्यांग मुलांच्या अडचणींचा समावेश करण्यास सांगितले.

यानंतर 1987 मध्ये युनिसेफच्या साहाय्याने राबवलेला एकात्म शिक्षणाचा पथदर्शी प्रकल्प प्रशिक्षणाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा आहे. त्यात महाराष्ट्राचाही समावेश होता. या प्रकल्पात निवडलेल्या गटातील सर्व शिक्षकांना सुमारे एक आठवड्याचे उद्बोधन देण्यात आले. त्यांपैकी सुमारे दहा टक्के शिक्षकांना सहा आठवड्यांचे सखोल प्रशिक्षण मिळाले आणि प्रत्येक गटातील आठ ते दहा शिक्षकांना एक वर्षाचे बहुप्रवर्गीय प्रशिक्षण देऊन संसाधन शिक्षक म्हणून तयार करण्यात आले. सर्वांना थोडे, काहींना अधिक आणि मोजक्यांना पुरेसे प्रशिक्षण, अशी ही त्रिस्तरीय रचना होती. सर्वसाधारण शिक्षक आणि तज्ज्ञ शिक्षक एकाच व्यवस्थेत बांधण्याचा तो आरंभीचा पद्धतशीर प्रयत्न होता.

1994 मध्ये स्पेनमधील सालामांका येथे झालेल्या जागतिक परिषदेत 92 देशांच्या शासनांनी समावेशित शिक्षणाचा पुरस्कार केला. त्यानंतर भारतातही सर्व शिक्षा अभियान, माध्यमिक स्तरावरील अपंग समावेशित शिक्षण योजना (2009) आणि या दोहोंना सामावून घेणारे समग्र शिक्षा अभियान (2018) यांतून समावेशित शिक्षणाला चालना मिळाली.

कायदेशीर चौकट

भारतीय पुनर्वास परिषद 1986 मध्ये नोंदणीकृत संस्था म्हणून स्थापन झाली. संसदेने 1992 मध्ये केलेल्या अधिनियमानुसार 22 जून 1993 पासून तिला वैधानिक दर्जा मिळाला. विशेष शिक्षकांसह पुनर्वास क्षेत्रातील व्यावसायिकांचे अभ्यासक्रम ठरवणे, संस्थांना मान्यता देणे आणि पात्रताधारकांची केंद्रीय पुनर्वास नोंदवहीत नोंद ठेवणे ही तिची मुख्य कामे आहेत. नोंदणीशिवाय असा व्यवसाय केल्यास एक वर्षापर्यंत कारावास, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. नोंदणी कायम ठेवण्यासाठी शिक्षकाला वेळोवेळी निरंतर पुनर्वास शिक्षणाच्या कार्यशाळांत भाग घ्यावा लागतो.

1995 च्या दिव्यांग व्यक्तींविषयीच्या अधिनियमात दिव्यांगत्वाचे सात प्रकार होते. त्याच्या जागी आलेल्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 मध्ये ही संख्या 21 झाली आणि स्वमग्नता, विशिष्ट अध्ययन अक्षमता यांसारख्या प्रकारांना स्वतंत्र स्थान मिळाले. या अधिनियमाच्या कलम 17 नुसार पुरेशा शिक्षक प्रशिक्षण संस्था स्थापन करणे, सांकेतिक भाषा व ब्रेल जाणणाऱ्या तसेच बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांना शिकवण्याचे प्रशिक्षण घेतलेल्या शिक्षकांची नेमणूक करणे हे शासनाचे कर्तव्य आहे. नेमणूक करावयाच्या शिक्षकांत स्वतः दिव्यांग असलेल्या शिक्षकांचाही स्पष्ट उल्लेख आहे. कलम 47 नुसार शाळा, महाविद्यालय व विद्यापीठ स्तरावरील शिक्षकांच्या सर्व अभ्यासक्रमांत दिव्यांगत्व हा घटक असला पाहिजे. संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्क कराराला भारताने 2007 मध्ये मान्यता दिली आहे. त्यातील अनुच्छेद 24 मध्येही शिक्षकांच्या प्रशिक्षणाची जबाबदारी राष्ट्रांवर टाकली आहे.

सर्वोच्च न्यायालयाने रजनीश कुमार पांडे विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात 28 ऑक्टोबर 2021 रोजी दिलेला निर्णय या विषयात निर्णायक मानला जातो. सर्वसाधारण शाळांत विशेष शिक्षकांची कायम पदे निर्माण करावीत आणि विद्यार्थी-शिक्षक प्रमाण ठरवावे, असे न्यायालयाने सांगितले. सर्वसाधारण शाळांतील इतर शिक्षक व कर्मचारी यांनाही या मुलांविषयी सक्तीचे प्रशिक्षण द्यावे, असाही आदेश झाला. त्यानंतर केंद्र शासनाने 2022 मध्ये प्राथमिक स्तरावर दहा दिव्यांग विद्यार्थ्यांमागे एक आणि उच्च प्राथमिक स्तरावर पंधरा विद्यार्थ्यांमागे एक विशेष शिक्षक असे प्रमाण अधिसूचित केले. राज्यांकडून अंमलबजावणी अपुरी असल्याचे दिसल्याने न्यायालयाने मार्च 2025 मध्ये पुन्हा या पदांविषयी निर्देश दिले.

अभ्यासक्रम

भारतीय पुनर्वास परिषदेच्या मान्यतेने चालणारे अभ्यासक्रम पुढील स्तरांवर आहेत.

• प्रमाणपत्र अभ्यासक्रम: अल्प मुदतीचे असून सहायक कार्यकर्ते, काळजीवाहक व समुदाय स्तरावरील कार्यकर्ते यांच्यासाठी असतात.
• डी.एड. विशेष शिक्षण: बारावीनंतर दोन वर्षांचा पदविका अभ्यासक्रम. श्रवणदोष, दृष्टिदोष, बौद्धिक अक्षमता इत्यादी शाखांत तो चालतो.
• बी.एड. विशेष शिक्षण: पदवीनंतरचा अभ्यासक्रम. 2015 च्या सुमारास त्याची मुदत दोन वर्षे झाली. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 नंतर चार वर्षांच्या एकात्मिक शिक्षक शिक्षणाकडे वाटचाल सुरू झाली आहे.
• एम.एड. विशेष शिक्षण व पुढील संशोधन पदव्या: अध्यापक विद्यालये व महाविद्यालये यांत शिकवणाऱ्यांसाठी.

बी.एड. विशेष शिक्षणात बालविकास, अध्ययनाची तत्त्वे व विषय अध्यापन यांच्या जोडीला निवडलेल्या दिव्यांगत्वाचा सखोल अभ्यास असतो. विद्यार्थी-शिक्षकाला आपल्या शाखेची विशेष शाळा, दुसऱ्या प्रकारच्या दिव्यांगत्वाची शाळा आणि समावेशित शाळा अशा तिन्ही ठिकाणी प्रत्यक्ष काम करावे लागते.

सर्वसाधारण बी.एड. अभ्यासक्रमातील स्थिती वेगळी आहे. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या 2014 च्या आराखड्यात समावेशक शाळेच्या निर्मितीवर अर्धा विषय ठेवलेला आहे. दोन वर्षांच्या शिक्षणात दिव्यांग विद्यार्थ्यांचा स्वतंत्र विचार प्रामुख्याने एवढ्याच जागेत होतो.

प्रशिक्षणाचा आशय

सर्व शाखांना समान असा पाया म्हणजे मुलाचे कार्यात्मक मूल्यमापन आणि वैयक्तिक शैक्षणिक आराखडा. मुलाला आज काय येते, पुढे काय येणे शक्य आहे, त्यासाठी कोणती साधने लागतील आणि प्रगती कशी तपासायची, हे शिक्षक पालकांशी बोलून लेखी नोंदवतो. यापुढचा आशय शाखेनुसार बदलतो.

दृष्टिदोष: ब्रेल वाचन-लेखन, टेलर पाटी व ॲबॅकसवरील गणित, स्पर्शग्राह्य नकाशे व आकृत्या, पांढऱ्या काठीच्या साहाय्याने दिशाज्ञान व चलनवलन, आणि पडदा वाचून दाखवणारी संगणक प्रणाली हे मुख्य विषय असतात. ब्रेल पाटी व टोच्याने लिहिताना अक्षरे उजवीकडून डावीकडे उमटवावी लागतात आणि कागद उलटून ती डावीकडून उजवीकडे वाचली जातात. मराठी ब्रेल शिकवणाऱ्याला लिपीतील फरकही समजावून द्यावे लागतात. छापील देवनागरीत ‘कि’ लिहिताना ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी दिसते, तर ब्रेलमध्ये ‘क’नंतर ‘इ’ येते, म्हणजे उच्चाराचा क्रम पाळला जातो. जोडाक्षर लिहिताना हलन्ताचे चिन्ह व्यंजनाच्या आधी येते. अंशतः दृष्टी असलेल्या मुलांसाठी मोठ्या ठशातील मजकूर, प्रकाशयोजना आणि फळ्यावरील अक्षर व पार्श्वभूमी यांतील ठळक फरक यांचा अभ्यास असतो.

श्रवणदोष: श्रवणयंत्र व कॉक्लिअर इम्प्लांटची देखभाल, श्रवण-वाचा प्रशिक्षण, ओष्ठवाचन आणि भारतीय सांकेतिक भाषा यांचा यात समावेश होतो. अनेक वर्षे शाळांत बोलण्यावर भर होता व खुणांना दुय्यम मानले जाई. सांकेतिक भाषा ही स्वतंत्र व्याकरण असलेली भाषा आहे ही जाणीव आता वाढली आहे. या भाषेच्या शासकीय कोशाची 2018 मधील पहिली आवृत्ती 3,000 शब्दांची होती, तर 2021 मधील तिसरी आवृत्ती 10,000 शब्दांची आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 मध्ये तिच्या प्रमाणीकरणाची शिफारस आहे.

बौद्धिक अक्षमता: कार्यविश्लेषण ही येथील मूलभूत पद्धत आहे. शर्टाचे बटण लावणे यासारखी क्रिया लहान पायऱ्यांत विभागून एकेक पायरी शिकवली जाते आणि मदत क्रमाने कमी केली जाते. नाणी ओळखणे, घड्याळ पाहणे, बसची पाटी वाचणे असे व्यवहारोपयोगी शिक्षण, स्वावलंबन व पूर्वव्यावसायिक कौशल्ये यांवर भर असतो. मूल्यमापनासाठी मद्रास येथे विकसित झालेली 18 क्षेत्रांतील 360 कौशल्यांची तपासणी-सूची अनेक शाळांत वापरली जाते.

स्वमग्नता व मेंदूचा पक्षाघात: चित्रमय दिनक्रम, संवेदनविषयक गरजांची ओळख, संवादफलक व अन्य पर्यायी संवादसाधने, योग्य आसनव्यवस्था आणि भौतिकोपचार व व्यवसायोपचार तज्ज्ञांबरोबरचे काम हे विषय शिकवले जातात.

विशिष्ट अध्ययन अक्षमता: वाचन, लेखन वा गणित यांतील अडचण मुलाच्या आळसामुळे नाही, हे ओळखणे ही शिक्षकाची पहिली जबाबदारी असते. मराठीत ‘घ-ध’, ‘भ-म’, ‘प-ष’ अशा सारख्या दिसणाऱ्या अक्षरांची अदलाबदल, मात्रा गळणे, जोडाक्षरे विस्कटणे ही लक्षणे दिसू शकतात. परंतु ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका बहुतेक मुले करतात. त्यामुळे एखाद्या चुकीवरून निष्कर्ष न काढता, पुरेसे शिकवूनही अडचण टिकून राहते का, हे पाहण्यास शिक्षकाला शिकवले जाते. निदान तज्ज्ञच करतात. शिक्षकाचे काम निरीक्षणाची नोंद ठेवणे व उपचारात्मक अध्यापन करणे हे असते.

सर्वसाधारण शिक्षकांचे सेवांतर्गत प्रशिक्षण

2019 मध्ये सुरू झालेल्या ‘निष्ठा’ या राष्ट्रीय कार्यक्रमात आणि ‘दीक्षा’ या संगणकीय मंचावर समावेशित शिक्षणाचे घटक उपलब्ध आहेत. दिव्यांगत्वाची प्राथमिक चाळणी करण्यासाठी शिक्षकांना ‘प्रशस्त’ ही तपासणी-सूची देण्यात आली आहे. वर्गातील आसनव्यवस्था, सूचना सोप्या व टप्प्याटप्प्याने देणे, गृहपाठाचे प्रमाण बदलणे, सहाध्यायींची मदत घेणे, परीक्षेत लेखनिक वा वाढीव वेळेची सवलत मिळवून देणे, अशी कामे विशेष पदवी नसलेला शिक्षकही करू शकतो. अशा प्रशिक्षणाचा हेतू त्याला विशेष शिक्षक बनवण्याचा नसतो. मूल वर्गात आल्यावर काय करावे आणि तज्ज्ञाला केव्हा बोलवावे, हे त्याला कळावे एवढाच तो असतो.

महाराष्ट्रातील स्थिती

2011 च्या जनगणनेनुसार देशात सुमारे 2.68 कोटी आणि महाराष्ट्रात सुमारे 29.6 लाख दिव्यांग व्यक्ती होत्या. राज्यात समग्र शिक्षा अभियानाचे काम महाराष्ट्र प्राथमिक शिक्षण परिषद पाहते, तर शिक्षक प्रशिक्षणाचे शैक्षणिक नेतृत्व पुण्यातील राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद आणि जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था यांच्याकडे असते. गटसाधन केंद्राच्या पातळीवर समावेशित शिक्षणाचे विशेष तज्ज्ञ व फिरते विशेष शिक्षक असतात. ते परिसरातील शाळांना भेटी देतात, संसाधन कक्षात मुलांसोबत काम करतात आणि तीव्र दिव्यांगत्व असलेल्या मुलांना घरी जाऊन मार्गदर्शन करतात.

मुंबईतील श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठात विशेष शिक्षणाचा स्वतंत्र विभाग आहे. अध्ययन अक्षमता असलेल्या विद्यार्थ्यांना शालान्त परीक्षेत सवलती देण्यास राज्याने 1996 पासून सुरुवात केली. त्यामुळे या विषयाकडे शिक्षकांचे लक्ष तुलनेने लवकर वेधले गेले. विशेष शाळा पूर्वी सामाजिक न्याय विभागाच्या अखत्यारीत होत्या. 2022 मध्ये राज्याने स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग निर्माण केला. सर्वसाधारण शाळा मात्र शालेय शिक्षण विभागाकडे असल्याने दोन्ही प्रकारच्या शिक्षकांचे प्रशासन वेगवेगळे राहिले आहे.

समस्या व चर्चा

पहिली समस्या दोन परिषदांच्या स्वतंत्र चौकटींची आहे. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या 23 ऑगस्ट 2010 च्या अधिसूचनेनुसार, विशेष शिक्षणातील डी.एड. वा बी.एड. धारक प्राथमिक शिक्षक म्हणून नेमला गेल्यास त्याने प्राथमिक शिक्षणाचा सहा महिन्यांचा विशेष अभ्यासक्रम पूर्ण करणे आवश्यक ठरले. दिव्यांग मूल वर्गात असलेल्या सर्वसाधारण शिक्षकावर मात्र तेवढ्या मुदतीच्या अभ्यासक्रमाचे बंधन नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 मध्ये दोन्ही परिषदांच्या अभ्यासक्रमांत अधिक समन्वय साधावा, तसेच विषय शिक्षकांना सेवापूर्व वा सेवेत असताना विशेष शिक्षणाचे दुय्यम विशेषीकरण करता यावे, असे म्हटले आहे.

दुसरी समस्या एका प्रवर्गापुरत्या विशेषीकरणाची आहे. विशेष शाळेत दृष्टिदोष शाखेचा शिक्षक दृष्टिहीन मुलांनाच शिकवतो. फिरत्या शिक्षकाच्या कार्यक्षेत्रात मात्र एका शाळेत कर्णबधिर, दुसऱ्या शाळेत स्वमग्न आणि तिसऱ्या शाळेत मेंदूचा पक्षाघात असलेले मूल असू शकते. सर्वांसाठी बहुप्रवर्गीय प्रशिक्षण द्यावे, असे काहींचे मत आहे. त्यावर असा आक्षेप घेतला जातो की ब्रेल वा सांकेतिक भाषा यांसारखी कौशल्ये दीर्घ सरावाविना येत नाहीत आणि सर्व थोडे थोडे शिकलेला शिक्षक कोणत्याच मुलाला पुरा पडत नाही.

तिसरी समस्या सेवाशर्तींची आहे. योजनांखालील विशेष शिक्षक बराच काळ कंत्राटी पद्धतीने नेमले गेले. वर उल्लेखिलेले न्यायालयीन प्रकरणही उत्तर प्रदेश व पंजाबमधील अशा प्रशिक्षित शिक्षकांच्या नेमणुकांच्या प्रश्नातून उभे राहिले. शिक्षक बदलला की मुलाच्या आराखड्यातील सातत्य तुटते. ज्या मुलाला एका माणसाच्या बोलण्याची, स्पर्शाची वा खुणांची सवय होण्यासच महिने लागतात, त्याच्या बाबतीत हे नुकसान अधिक असते.

चौथी समस्या सेवांतर्गत प्रशिक्षणाच्या स्वरूपाची आहे. थोड्या दिवसांच्या प्रशिक्षणात दिव्यांगत्वाचे प्रकार, व्याख्या व शासकीय सवलती यांची माहिती मिळते, परंतु प्रत्यक्ष मुलासोबत काम करून पाहण्याची संधी क्वचितच मिळते. मराठीतील अद्ययावत साहित्याची उणीव हीही एक अडचण आहे. विशेष शिक्षणाचे बरेचसे संदर्भसाहित्य इंग्रजीत आहे. मराठी वाचन-लेखनातील अडचणी मात्र मराठीच्या लिपीतून व ध्वनिव्यवस्थेतून निर्माण होतात. त्यांच्यासाठीचे अध्यापन-साहित्य इंग्रजीवरून जसेच्या तसे घेता येत नाही.

हेही पहा

समावेशित शिक्षण
दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016
भारतीय पुनर्वास परिषद
भारती ब्रेल
भारतीय सांकेतिक भाषा